लाखोली

शिकुतिमीच्या वर, जिथे रस्ता तलावापाशी संपतो,
तिथलं चर्च फेब्रुवारीत विकलं गेलं.
घेणाऱ्याला आत चढाईची भिंत उभारायची होती,
पोरांना दोर बांधून वर सोडायचं, तासाचे बारा डॉलर.
मला फक्त सामान हलवायचं होतं.
ट्रक माझा. माणसं दोन: गिल्डोर आणि त्याचा भाचा योआन,
वय एकोणीस, तोंडात कायम तेच तीन-चार शब्द.

किल्ल्या फेर्नांदबाईंकडे.
चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी तिथली वस्त्रं धुतली,
मेणाचे डाग खरवडले,
रविवारी सात जण उरले तरी घंटा वाजवली.
पहिल्या बाकावर बसल्या होत्या, अंगात कोट, मांडीवर पर्स,
बसची वाट बघावी तशा.

आमच्याकडे रागाला वेगळे शब्द नाहीत.
इंग्रजी बोलणारे शेजारी शिवी द्यायला
कमरेखाली उतरतात. आम्ही वेदीवर चढतो.
प्याला, पवित्र भाकर, भाकरीचं भांडं,
भांडं ठेवायचा देव्हारा:
कालिस, ओस्ती, सिब्वार, ताबर्नाक.
टायर बसला, प्याला.
हॉकीत गोल हुकला, भाकर.
बायको सोडून गेली की सगळं एका दमात,
एकाला एक जोडून.

पितळी देव्हारा वेदीवरून निघाला.
दिसायला ओव्हनएवढा, वजनाला वासराएवढा.
बुटांनी आत आणलेल्या बर्फावर योआन घसरला,
कड बसली अंगठ्याच्या नखावर,
आणि तो ओरडला, ताबर्नाक!
शब्द वर गेला, छताला फिरून आला.
कित्येक वर्षांत तिथे इतक्या जोरात कुणी काही म्हटलं नव्हतं.

गिल्डोरने उगाचच टोपी काढली.
बाई उठल्या. बाकांना धरत धरत आल्या.
"हो," म्हणाल्या, "तेच आहे ते."
योआनला कळेना.
"तुझ्या हातात आहे ते. आत्ता हाक मारलीस ना?"
फोनवर नुसता आवाज ऐकलेला माणूस
अचानक दारात उभा राहावा,
तसा तो बघत राहिला.
"म्हणजे ही वस्तू असते?"
मग माफी मागू लागला
आणि माफी मागता मागता दोनदा तेच बोलला.

थर्मासमधली कॉफी देताना मी विचारलं,
"लागायचं का हो तुम्हाला?"
"लागतं," त्या म्हणाल्या. लागायचं नाही, लागतं.
"आई भावांच्या तोंडात साबण कोंबायची.
जेवणाआधी प्रार्थना म्हणायचे, तर फेस यायचा."
कॉफी तशीच हातात.
"ओनेझिमवर झाड पडलं, एकसष्ट साली.
दोन तास होता. सोबतच्या गड्यांनी सांगितलं,
शेवटचा शब्द, कालिस.
फादरने विचारलं, काही बोलला का जाताना?
मी म्हटलं, प्याल्याचं नाव घेतलं.
खोटं नव्हतं.
खरंही नसेल.
त्याला विचारते मी अजून," मान वर करून,
"तुला कसं ऐकू गेलं ते सांग."
वरून काही नाही. छताचा रंग सुटला होता.

निघताना त्यांनी देव्हारा उघडला.
आत काहीच नव्हतं. रुमालाने पुसला तरीही,
कोपरे नखाने. कुलूप लावलं,
किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली.
मी पाहिलं. पावतीवर सही घेतली. बोललो नाही.
योआन ट्रकपर्यंत लंगडत गेला, ओठ मिटून.

रात्री घेणाऱ्याचा फोन.
देव्हारा त्याला काउंटरवर हवा होता, गल्ला म्हणून,
आणि किल्ली कुठाय?
ठाऊक नाही, म्हटलं.
त्याने मला लाखोली वाहिली, अगदी क्रमाने,
प्याला, भाकर, भांडं,
एकेक पान ठेवावं तशी.
देव्हाऱ्याशी पोचला तेव्हा मीच मध्ये बोललो,
"हो, तोच.
त्याचीच किल्ली हरवलीये."